शंभरपट

बारावी झाली आणि कॉलेजचा फॉर्म भरायची वेळ आली. साल 1981. फॉर्मवर धर्म आणि जात असे दोन रकाने होते. चुलते ओसरीवर तंबाखू मळत बसले होते. म्हणाले, "हिंदू-महार लाव. फी माफ व्हईल, उद्या नोकरीलाबी कामाला यील. ख्रिस्ती लावून काय मिळनार हाये तुला?"

त्यांचं खोटं नव्हतं. 1950 सालच्या राष्ट्रपतींच्या आदेशाप्रमाणे अनुसूचित जातीची सवलत हिंदूंपुरतीच होती. 1956 मध्ये शीख त्यात आले, 1990 मध्ये बौद्ध. ख्रिस्ती माणूस तेव्हाही बाहेर होता आणि पुढंही बाहेरच राहिला. गावानं मात्र आम्हाला कधी यादीबाहेर काढलं नाही. बाप्तिस्मा झाला तरी हॉटेलात आमची कपबशी वेगळीच असायची.

चुलत्यांनी मग आजीलाच विचारलं, "आये, तूच सांग. तुझ्या सासऱ्यानं धर्म बदलला. काय मिळालं आपल्याला?"

हा प्रश्न आमच्या नगर जिल्ह्याला नवा नाही. अमेरिकन मराठी मिशनचं काम इथं 1831 पासूनचं. पण 1876 ते 78 च्या मोठ्या दुष्काळानंतर महारवाड्या-मांगवाड्यांतून बरीच माणसं ख्रिस्ती झाली. गाव म्हणायचं, पोटासाठी बाटले. आजीला ते लागायचं नाही. "पोट काय देवानं दिलेलं न्हाई व्हय?" एवढंच ती म्हणायची.

त्या दिवशी तिनं चष्मा लावला, कापडात बांधलेलं बायबल सोडलं आणि मार्काचा दहावा अध्याय काढला. बायबलबाईनं तिला लग्नानंतर अक्षरं शिकवली होती. ओळीखाली बोट ठेवून ती सावकाश वाची. पेत्र प्रभूला सांगतो, आम्ही सगळं सोडून तुमच्यामागं आलो. प्रभू म्हणतो, ज्यानं घर, शेत, आईबाप सोडले त्याला आत्ताच, या काळात शंभरपट मिळेल आणि येणाऱ्या युगात सार्वकालिक जीवन. आजीचं बोट एका शब्दावर थांबलं. "ह्ये बघ, मधी काय लिवलंय. छळ. शंभरपटीच्या टोपलीत छळबी घातलाय. मत्तयानं ह्यो शब्द गाळलाय, मार्कानं ठिवलाय. आपल्याला फसवलं न्हाई कुनी."

"आन शंभरपट कुटं हाये?" चुलते म्हणाले.

"प्रभुभोजनाला एका प्याल्याला तोंड लावतोस का न्हाई? माझ्या आईला उभ्या जन्मात कुनी वरनं वतल्याबिगर पानी दिलं न्हवतं."

खरं सांगायचं तर आमच्या देवळातसुद्धा मांगवाड्यातले ख्रिस्ती मागच्या चटईवर बसायचे आणि सोयरिकी जुन्या वाटेनंच व्हायच्या. शंभरातले किती पदरात पडले, हे मोजत बसलो तर हिशेब कमीच भरेल. तरी त्या एका प्याल्यापुरतं आजीचं म्हणणं खरं होतं.

मी ख्रिस्ती लिहिलं. त्यात शौर्य काही नव्हतं, आजी समोर बसली होती एवढंच. फीसाठी दोन शेळ्या विकल्या. चुलतभावानं पुढच्या वर्षी दुसरं लिहिलं, शिकला, सरकारी कारकून झाला. मी नोकरीसाठी पायऱ्या झिजवत राहिलो. आजीच्या औषधाचा खर्च त्याच्याच पगारातून व्हायचा.

एकदा चिडून मी आजीला म्हणालो, "शंभरपट त्याला मिळाली, छळ माझ्या वाट्याला आला."

ती हसली नाही. म्हणाली, "बहात्तरच्या दुष्काळात खडी फोडाया तूबी यायचास. आठवतं?" आठवत होतं. मुकादम टेप लावून ढीग मोजायचा आणि त्या मापानं पैसे. म्हाताऱ्या बायांचा ढीग लहान, त्यांची चूल अर्धी. "प्रभूच्या गोष्टीतला मळेवाला असं माप घेत न्हाई. सकाळी आलेल्याला जेवढं, सांजच्याला आलेल्याला तेवढंच. त्यो कामाचं न्हाई, पोटाचं माप घेतो. सकाळवाले कुरकुरले. तू त्यातला हू नको."

1986 च्या पावसाळ्यात ती अंथरुणाला खिळली. पाळकबुवा प्रभुभोजन द्यायला घरी आले. भाकर मोडली तसा चुलतभाऊ उठून अंगणात गेला. कागदावर आपण ख्रिस्ती नाही, मग प्याल्याला हात कसा लावायचा, असं त्याला वाटलं असावं. आजीनं डोळे उघडले. "त्याला बोलवा. आधी त्याला द्या."

तो आत आला, रडत होता. आणि मला, शेळ्या विकून ख्रिस्ती राहिलेल्या मला, क्षणभर राग आला. सकाळी आलेल्या मजुराचा राग. त्याच्यानंतर प्याला माझ्याकडं आला, तेव्हा मी खाली मान घालून प्यालो.

सार्वकालिक जीवन कसं असेल, हे आजीला कुणी विचारलं तर ती सोन्याच्या रस्त्यांचं बोलायची नाही. म्हणायची, तिथं एकच पंगत आहे, इथं शेजाऱ्याला खेटून बसायची सवय नाही केली तर तिथं अवघडून जाल. मला तिच्याइतकी खात्री नाही. पण प्रतिफळ म्हणजे सोडलेल्याची भरपाई, असं मी त्या दिवसापर्यंत धरून चाललो होतो. मजुरी कमी पडली म्हणून कुरकुरत होतो, आणि ज्याच्या पगारातून आजीची औषधं येत होती, तो माझा भाऊ अंगणात उभा आहे हे मला दिसत नव्हतं. आजीला अंथरुणातून दिसलं.