अक्षराचे रूप आणि शब्दाचे एकत्व

थंडरबर्डसारख्या ईमेल प्रोग्रामच्या सेटिंग्जमध्ये देवनागरीसाठी स्वतंत्र फॉन्ट, म्हणजे अक्षराकारांचा संच, निवडता येतो आणि आलेल्या पत्राने स्वतःचे फॉन्ट वापरावेत की नाही, हेही वाचणाराच ठरवतो. साध्या मजकुराच्या पत्राबरोबर आकार मुळी जातच नाहीत. जातात ते युनिकोडने अक्षरांना दिलेले संकेतांक, उदाहरणार्थ ‘श’साठी ०९३६. मग लिहिणाऱ्याचा शब्द आणि वाचणाऱ्याला दिसलेला शब्द एकच म्हणावा काय?

व्याकरणदर्शनाला हा प्रश्न जुनाच आहे. भेरीवर आघात केल्यावर तिचा नाद कधी वीस, कधी तीस, तर कधी चाळीस पावलांपर्यंत पुरतो, तरी स्फोट तेवढाच राहतो आणि वाढ होते ती ध्वनीमुळे, असे पतंजलीने महाभाष्यात म्हटले आहे. भर्तृहरीने वाक्यपदीयात ध्वनीचेही दोन भेद केले: अर्थबोधक अखंड शब्दाला, म्हणजे स्फोटाला, प्रकट करणारा तो प्राकृत ध्वनी आणि द्रुत, मध्यम, विलंबित अशा उच्चारभेदांना कारण होणारा तो वैकृत. स्फोट न मानणारे मीमांसकही वर्ण नित्यच मानतात. नैयायिकांना मात्र प्रत्येक उच्चार नवा वाटतो.

फॉन्टचा भेद वैकृत ध्वनीच्या जातीचा आहे, परंतु कोणता भेद त्या जातीचा हे मराठीत अक्षरागणिक तपासावे लागते. ‘दर्या’ आणि ‘दऱ्या’ यांत समुद्र आणि डोंगरांमधील खोलगट भाग एवढे अंतर असल्यामुळे तेथील रफाराचा भेद संकेतांकांतच नोंदवावा लागतो. याउलट देठाचा ‘श’ आणि हिंदी वळणाचा ‘श’ यांचा संकेतांक एकच असून निवड फॉन्टवर आणि मजकुराच्या भाषेच्या नोंदीवर सोपवलेली असते. अर्थ बिघडत नाही हे खरे, तरीही पाटीवर गिरवलेले वळण डोळ्यांना न भेटणे ही हानीच होय, आणि ती भरून काढण्याचा अधिकार वाचणाऱ्याच्या हाती असणे सर्वथा उचित आहे.

संगणकात देवनागरीचा एकही फॉन्ट नसेल, तर पत्राच्या जागी रिकाम्या चौकटी दिसतात. फॉन्ट बसवताच तेच पत्र, एकही संकेतांक न बदलता, वाचता येते. अंधारातला घट दिव्याने निर्माण होत नाही, दिसतो, तसेच हे आहे.