पाटा आणि फरशी

स्वयंपाकघरातला पाटा आणि त्याखालची शहाबादी फरशी ही दोघे आमच्या घरात वर्षानुवर्षे एकत्र नांदली. पण कुळे अगदी निराळी. पाटा सह्याद्रीच्या काळ्या पाषाणाचा. सुमारे ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वी भूमीच्या भेगांतून तापलेला रस वर आला आणि निवून कातळ झाला. फरशी कलबुर्गी जिल्ह्यातल्या शहाबादकडची. प्राचीन समुद्राच्या तळाशी चुन्याचा गाळ कणाकणाने बसला, वरच्या थरांखाली दबला आणि त्याचा चुनखडक झाला. तिच्यावर लिंबाचा रस सांडला की डाग पडतो. पाट्यावर रोज चिंच वाटा, तो ढिम्म! म्हणून पाटा कणखर आणि फरशी मवाळ, असे आपण ठरवून टाकतो. वयाने मात्र फरशीच कोट्यवधी वर्षांनी थोरली.

माणसांचा निवाडाही आपण असाच करतो. आगीतून एकदम घडलेला चांगुलपणा मोठा, की थराथराने साचलेला?

माझे आजोबा १९४२ च्या चळवळीत सात महिने तुरुंगात होते. पुढे दर ऑगस्टमध्ये शाळेची मुले त्यांना हार घालायला येत. आजी आत चहा करी. त्या सात महिन्यांत अंथरुणाला खिळलेली सासू आणि दोन धाकटे दीर तिनेच सांभाळले होते. हार तिला कुणी घातला नाही. आगीची गोष्ट एका दमात सांगता येते, थरांची गोष्ट सांगणार कशी? आज एवढे झाले, उद्या तेवढेच!

कुणी म्हणेल, मी आजोबांवर अन्याय करतो. तसे नाही. वरंधा घाटातून समोरच्या कड्याकडे पाहा. पायऱ्या पायऱ्या दिसतील. एक लोट निवला, त्यावर दुसरा आला. एका उसळीत सह्याद्री उभा राहिलेला नाही. अठराव्या शतकाच्या अखेरीस जर्मनीतला वेर्नर तर असला काळा दगडही पाण्यातच साचला असे शिकवीत असे, आणि गटेसारखा कवी त्याच्या बाजूला होता! स्कॉटलंडच्या हटनने आगीचा पक्ष घेतला. तोच खरा ठरला. पण आगीलाही थर लागतात. सुटून आल्यावर आजोबांनी अकरा वर्षे रात्रीची शाळा चालवली. हारवाले तिचे नाव काढीत नसत.

माझे मन अडते ते निराळ्याच ठिकाणी. गाळ आपण होऊन दगड होत नाही. वरून भार पडावा लागतो. मग आजीच्या सोशिकपणाचे कौतुक करताना तो भार कुणी टाकला, हे विचारायला नको काय? ज्यांनी टाकला त्यांनीच तिला सोशिक म्हणून गौरवावे, हे मला पटत नाही. लादलेल्या सोसण्याला सद्गुण म्हणणे ही लादणाऱ्याची सोय आहे.

हे मी एकदा तिच्यापाशी बोललो. ती तांदूळ निवडीत होती.

“मलाही जायचं होतं रे. मिरवणुकीबरोबर वेशीपर्यंत गेलेसुद्धा. सासूबाईंच्या औषधाची वेळ झाली, म्हणून परत फिरले.”

“बोलवायला कोण आलं होतं?”

“कोण येणार? माझी मीच आले,” ती म्हणाली, आणि सुपातला एक खडा वेचून तिने बाजूला टाकला.