बिऱ्हाड आणि गठडी

‘बिऱ्हाड’ हा शब्द मराठीत तीन अर्थांनी नांदतो. राहते ठिकाण, तेथे राहणारे कुटुंब आणि त्या कुटुंबाचे सामानसुमान या तिन्हींना आपण एकाच शब्दाने ओळखतो. बिऱ्हाड थाटतात, बिऱ्हाड हलवतात, आणि विंचवाचे बिऱ्हाड तर पाठीवरच असते. घर, माणसे आणि वस्तू यांची फारकत करण्याची निकड भाषेला भासली नाही, कारण ही तिन्ही एकमेकांच्या आधाराने उभी असतात. दूरदेशी वास्तव्याला जाण्याच्या प्रसंगी मात्र हा एकसंध शब्द दुभंगतो. घर मागे राहते, माणसे विमानाने जातात, वस्तू जहाजाने जातात. काय न्यावे आणि काय ठेवावे हा प्रश्न वरकरणी व्यवहाराचा असला, तरी त्याच्या पोटात एक नैतिक प्रश्न दडलेला आहे. वस्तूवर आपला हक्क असतो म्हणजे नेमके काय असते? आणि वस्तूचाही आपल्यावर काही हक्क असतो काय?

या प्रश्नाचा विचार करण्यास श्रीपेरुंबुदूर हे ठिकाण सोयीचे आहे. चेन्नईपासून सुमारे ४० किलोमीटरवर, बंगळूरच्या महामार्गावर हे गाव वसले आहे. परंपरेनुसार १०१७ साली येथे रामानुजाचार्यांचा जन्म झाला. आज गावाच्या सभोवार मोटारींचे आणि इलेक्ट्रॉनिक वस्तूंचे कारखाने आहेत, आणि कंटेनर लादलेल्या गाड्या येथून बंदराकडे जात असतात. मोटारीचे सुटे भाग ज्या पोलादी पेटीतून जातात, तशाच पेटीतून एखाद्या कुटुंबाचा संसारही जातो. वीस फुटी पेटीत साधारण ३३ घनमीटर जागा असते. जमैकाला किंवा त्रिनिदादला निघालेले बिऱ्हाड तेवढ्या जागेत बसवायचे, वाटेत एखाद्या मोठ्या बंदरावर जहाज बदलायचे आणि काही आठवड्यांनी ते किंग्स्टनला किंवा पोर्ट ऑफ स्पेनला उतरवून घ्यायचे, असा हा क्रम आहे.

त्यासाठी यादी करावी लागते. खोका क्रमांक, आतील वस्तू, नग आणि किंमत असे तिचे रकाने असतात. कॅरिबियनमधील अनेक देश वास्तव्यास येणाऱ्याच्या वापरलेल्या घरसामानाला जकातीत माफी किंवा सवलत देतात. वस्तू नवी असेल तर ती व्यापाराची, जुनी असेल तर संसाराची, असा हा न्याय आहे. बाजाराच्या हिशेबी वापराने वस्तूचे मोल घटते. घराच्या हिशेबी ते वाढते. आजीच्या हाताने झिजलेल्या पोळपाटाची किंमत रकान्यात जवळजवळ शून्य भरली जाते, आणि तो फुटला तर विम्याची रक्कम देऊनही त्याची भरपाई होत नाही. सरकारी नियमात ही जाण नकळत उतरली आहे, हे लक्षात घेण्याजोगे आहे.

त्याच नियमांचे दुसरे अंगही पाहावे. बांधणीच्या लाकडाचा गाभा ५६ अंश सेल्सियस तापमानाला किमान ३० मिनिटे तापवलेला असावा, असा २००२ पासूनचा एक आंतरराष्ट्रीय दंडक आहे. त्या लाकडातून कीड परदेशी जाऊ नये हा त्यामागचा हेतू. माती आणि बियाणे यांवरही कडक निर्बंध असतात. म्हणजे घरातून जे जिवंत आहे, जे दुसऱ्या मातीत रुजू शकेल, तेच नेमके वगळून बाकीचे घर पाठवायचे असते. हे नियम योग्यच आहेत. परंतु त्यांच्यामुळे पेटीत काय मावते आणि काय मावत नाही हे स्पष्ट होते.

हिंदुस्थानातून कॅरिबियनकडे याआधीही माणसे गेली होती. १८३८ ते १९१७ या काळात सुमारे पाच लाख माणसे करारबद्ध मजूर म्हणून तिकडे नेली गेली. बहुतेक कलकत्त्याहून गेली, पण मद्रासहूनही जहाजे सुटली. मद्रासला तेव्हा बांधीव बंदर नव्हते. काथ्याने शिवलेल्या मसुला होड्यांतून लाटा ओलांडून जहाजापर्यंत पोहोचावे लागे. कलकत्त्याहून निघालेले ‘फातेल रझाक’ ३० मे १८४५ रोजी त्रिनिदादला लागले, तेव्हा प्रवासाचे १०३ दिवस झाले होते. या प्रवाशांपाशी एक गठडी असे, आणि तिच्या आठवणीने ‘जहाजी बंडल’ हा शब्द तेथील भारतवंशीयांत आजही चालतो. त्यांच्या सामानाची यादी कोणी केली नाही. यादी झाली ती त्यांचीच. नाव, बापाचे नाव, वय, जात, गाव, अंगावरची खूण असे तिचे रकाने होते. आजचा प्रवासी आपल्या वस्तूंना क्रमांक देतो. त्या प्रवाशाला स्वतःलाच क्रमांक मिळाला होता.

अपरिग्रहाचा गौरव करणाऱ्या आपल्या परंपरेत येथे एक घोटाळा होण्याचा संभव असतो. थोडक्या सामानानिशी निघालेला माणूस मुक्त, आणि पेटी भरून निघालेला आसक्त, असे म्हणण्याचा मोह होतो. परंतु ज्याच्यापाशी आहे आणि जो सोडतो, तोच त्यागी होय. ज्याला धरण्याची संधीच मिळाली नाही त्याच्या रित्या हातांना वैराग्य म्हणणे हा त्याच्यावर दुसऱ्यांदा केलेला अन्याय ठरेल. म्हणून संसार बरोबर नेण्याची इच्छा सरसकट मोहात काढता येत नाही. पिढ्यान्‌पिढ्या ज्यांना गठडीखेरीज काही नेता आले नाही, त्यांच्या दृष्टीने ते स्वातंत्र्याचेच एक लक्षण आहे. व्ही. एस. नायपॉल यांच्या ‘अ हाउस फॉर मिस्टर बिस्वास’ या १९६१ च्या कादंबरीत नायक घर बदलतो तसतसे त्याचे किडूकमिडूक वाढत जाते. टोप्या टांगण्याचा आरशाचा स्टँडही त्यात आहे. त्या सामानाची थट्टा होते, पण आपले म्हणावे असे काहीतरी असण्याची ती आकांक्षा हास्यास्पद ठरत नाही.

तरीही वस्तू नेली म्हणजे घर नेले असे होत नाही. नायपॉल यांनीच १९६४ च्या ‘अॅन एरिया ऑफ डार्कनेस’ या पुस्तकात आजीच्या त्रिनिदादमधील घराचे वर्णन केले आहे. तेथे भारतातून आलेल्या खाटा होत्या, पितळी भांडी होती, मोडकी बाजाची पेटी होती. खाटा मात्र निरुपयोगी झाल्या होत्या, कारण त्या विणून देणारा कारागीर त्या बेटावर नव्हता. हे निरीक्षण मोलाचे आहे. खाट समुद्र ओलांडून गेली, पण तिला घट्ट करणारा हात मागे राहिला. खाट ही नुसती लाकूड आणि सुंभ नव्हे. विणणारा, बसणारा, सैल झाली की हाक मारणारा, अशा माणसांचा तो मेळ असतो. मेळ सुटल्यावर खाट उरते, पण तिचे खाटपण स्मारकात जमा होते.

याउलट, जे पेटीत भरता येत नाही ते कित्येकदा अधिक सुखरूप पोहोचते. मद्रासकडून गेलेल्या मजुरांची मारियम्माची उपासना गयानात टिकली, आणि तिच्या पूजेत वाजणारे तप्पू हे वाद्यही टिकले. कोकणातून मॉरिशसला गेलेल्या मराठी मजुरांच्या वंशजांचा गणेशोत्सव तर तेथे सार्वजनिक सुट्टीचा दिवस आहे. हा दाखला आपल्याला जवळचा आहे. गणपतीची मूर्ती दरसाल घडवायची आणि दरसाल पाण्यात सोडायची असते, त्यामुळे ती इकडून नेण्याची गरजच पडत नाही. न्यावी लागते ती घडवण्याची रीत आणि आरतीची चाल. या वस्तूचे सातत्य टिकण्यात नाही, पुन्हा होण्यात आहे.

आता रामानुजांकडे वळावे. त्यांच्या विचारात ‘शेष’ आणि ‘शेषी’ ही जोडी महत्त्वाची आहे. दुसऱ्याला उत्कर्ष आणून देणे हेच ज्याचे स्वरूप तो शेष. ज्याच्यासाठी तो असतो तो शेषी. जीव आणि ईश्वर यांचे नाते सांगण्यासाठी ही परिभाषा आहे, भांड्याकुंड्यांसाठी नव्हे, याचे भान ठेवूनही तिचा आधार घेता येईल. आपण मालकीचा विचार करतो तेव्हा वस्तू शेष आणि आपण शेषी असे गृहीत धरतो. परंतु वस्तू नुसती मालकासाठी असते काय? खाटेच्या दाखल्यावरून दिसते ते असे, की मालक, वस्तू आणि कारागीर हे तिघेही एका राहत्या जगण्याचे शेष असतात. त्या जगण्याला ज्याने उत्कर्ष येतो ते न्यावे; ज्याने येत नाही ते, ज्याच्या जगण्याला येईल त्याच्या हाती द्यावे.

रामानुजांच्या चरित्रातही अशी एक कथा आहे. श्रीरंगम सोडावे लागल्यावर ते मेलकोट्याला बरीच वर्षे राहिले, आणि परत निघाले तेव्हा तेथील शिष्यांना विरह असह्य झाला. म्हणून त्यांची प्रतिमा घडवून मागे ठेवण्यात आली. ‘तमर उगंद तिरुमेनी’, म्हणजे आपल्या माणसांना प्रिय झालेली मूर्ती, असे तिचे नाव. तिची जोडीदार म्हणावी अशी दुसरी प्रतिमा श्रीपेरुंबुदूरच्या आदिकेशव मंदिरात आहे. जाणाऱ्याने बरोबर काय नेले, हे परंपरेने विशेष नोंदवले नाही. मागे राहणाऱ्यांच्या हाती काय ठेवले, एवढेच तिने जपले.

परदेशी निघालेल्याने खरे तर दोन याद्या कराव्यात. एक जकातीसाठी, तिच्यात खोके आणि किमती असाव्यात. दुसरी स्वतःसाठी, तिच्यात काय कोणाला दिले आणि कोणाकडून कोणती रीत शिकून घेतली, हे असावे. मजुरांच्या त्या जुन्या नोंदवह्यांना २०११ साली युनेस्कोच्या ‘मेमरी ऑफ द वर्ल्ड’ सूचीत स्थान मिळाले. माणसाला नग समजून भरलेल्या त्या रकान्यांतून आज त्यांचे वंशज आपल्या पणजोबाच्या गावाचे नाव शोधतात. तेथे त्यांना वस्तू सापडत नाही. कोणाचा कोण आणि कोठला, एवढेच सापडते. आणि तेवढ्यासाठी ते महासागर ओलांडून येतात.