कामगाराने मत मागावे काय?

दिल्लीचा कस्तुरबा गांधी मार्ग एके काळी कर्झन रोड या नावाने ओळखला जाई. २०१३ साली येथे नवे महाराष्ट्र सदन सुरू झाले आणि मराठी माणसाची या रस्त्यावरील ये-जा वाढली. येथून टॉलस्टॉय मार्गाने थोडे चालले की पुढे जंतरमंतर लागते. देशातील कामगार आपली गाऱ्हाणी घेऊन तेथे बसत आले आहेत. संसद भवनही तेथून फार दूर नाही. गाऱ्हाणे मांडणाऱ्याने बाहेर बसावे की आत जावे, हा प्रश्न मात्र त्या रस्त्याहून जुना आहे.

आमच्या मंडळीतील एक सभासद कारखान्यातील युनियनचे पदाधिकारी आहेत. नगरपालिकेच्या निवडणुकीला उभे राहावे काय, असे त्यांनी मला गेल्या वर्षी विचारले. त्यांच्या पत्नीला ते पसंत नव्हते. युनियनमध्ये सेवा घडते, राजकारणात हात मळतात, असे त्यांचे म्हणणे. मला तेव्हा उत्तर सुचले नाही.

शास्तेच्या पुस्तकातील योथामाचा दृष्टान्त वाचकांना ठाऊक आहेच. झाडे राजा शोधू लागली. जैतून, अंजीर व द्राक्षवेल यांनी आपापले फळ सोडून येण्यास नकार दिला आणि अखेर राज्य काटेरी झुडपाकडे गेले. आपण या कथेत झुडपाला दोष देतो. नकार देणाऱ्या तिघांना कोणी जाब विचारत नाही, याचे मला नवल वाटते.

जॉर्ज फर्नांडिस यांचे उदाहरण आपल्याला जवळचे. धर्मगुरू होण्यासाठी ते बंगळूरच्या सेमिनरीत गेले आणि १९४९ साली तेथून बाहेर पडले. उपदेश व आचार यांतील अंतर त्यांना सहन झाले नाही. मुंबईत ते फुटपाथवर झोपले, गोदी कामगारांचे नेते प्लॅसिड डिमेलो यांच्याकडे चळवळ शिकले, १९६१ मध्ये महापालिकेत निवडून आले आणि १९६७ मध्ये लोकसभेसाठी स. का. पाटील यांच्यासारख्या बलाढ्य नेत्याला त्यांनी हरविले. १९७४ साली ज्यांनी देशाची रेल्वे थांबविली, तेच १९८९ मध्ये रेल्वेमंत्री झाले. त्यांच्या कारकिर्दीत कोकण रेल्वेचे काम सुरू झाले, हे कोकणी व मराठी माणूस विसरणार नाही. पण १९९९ मध्ये ग्रॅहम स्टेन्स व त्यांच्या दोन मुलांच्या हत्येनंतर ओरिसात गेलेल्या मंत्र्यांच्या पथकातही ते होते, आणि त्या पथकाने काढलेला निष्कर्ष अनेक ख्रिस्ती मनांना बोचला. निवडून आलेला मनुष्य कोणाचा? ज्यांनी पाठविले त्यांचा, पक्षाचा, की आपल्या विवेकाचा?

डॉ. दत्ता सामंत यांची गोष्ट निराळी. १९८२ च्या जानेवारीत सुमारे अडीच लाख गिरणी कामगार त्यांच्या मागे संपावर गेले. संप यशस्वी झाला नाही. तरीही १९८४ साली, देशभर काँग्रेसची लाट असताना, दक्षिण-मध्य मुंबईने त्यांना लोकसभेत पाठविले. मिसर देशात विटा थापणाऱ्यांचे ओझे वाढले, तेव्हा त्यांच्या नायकांनी मोशेलाच दोष दिला होता. गिरणगावाने तसे केले नाही. पण त्या मतांनी गिरण्यांचे भोंगे पूर्ववत वाजले नाहीत, हेही खरे.

१९२६ च्या ट्रेड युनियन कायद्यातील एक तरतूद मला फार मोलाची वाटते. राजकीय कार्यासाठी युनियनला वेगळा निधी उभारता येई, पण त्यात वर्गणी देण्याची सक्ती कोणा सभासदावर करता येत नसे. न देणाऱ्याचे युनियनमधील हक्कही कमी होत नसत. पैशाबाबत कायद्याने जे राखले, ते श्रमाबाबत आपण राखतो काय? पाळी संपल्यावर भित्तिपत्रके चिकटविणारा, घरोघरी फिरणारा स्वयंसेवक खरोखर स्वेच्छेने आलेला असतो काय, की न गेल्यास उद्या आपली तक्रार कोणी मांडणार नाही, ही भीती त्याला आणते? तसे असेल तर ते प्रेमदान नव्हे, वेठ आहे; आणि वेठीविरुद्ध लढण्यासाठीच तर युनियन जन्मली.

आमचे ते सभासद अलीकडे उपासनेनंतर पुन्हा भेटले. उभे जरूर राहा, असे मी त्यांना सांगितले, आणि एकच विचारले : जो तुमचा प्रचार करणार नाही, त्याची रजेची तक्रार तुम्ही त्याच आठवड्यात साहेबांपुढे न्याल काय? ते बराच वेळ बोलले नाहीत. त्यांच्या पत्नीने मात्र स्तोत्रसंहिता पिशवीत ठेवता ठेवता त्यांच्याकडे वळून पाहिले.