हाताचा पुरावा

वाद छोटा होता. एका चित्रस्पर्धेसाठी भाचीने जलरंगातलं चित्र पाठवलं होतं: पितळी घंगाळ, त्यात काठोकाठ पाणी, पाण्यात खिडकीचं प्रतिबिंब. आयोजकांचं उत्तर आलं की चित्र रंगवतानाचा व्हिडिओ पाठवा, कारण हा फोटोच आहे किंवा फोटोच्या छापील प्रतीवर हात फिरवलेला आहे अशी शंका परीक्षकांना आली आहे. बाकी स्पर्धकांकडे असं काही मागितलेलं नव्हतं. भाची म्हणे पाठवणार नाही, मामा म्हणत पाठव.

म्हैसूरच्या अग्रहारात, नूरोंदु गणपतीच्या देवळाच्या बाजूला, हे मराठी कुटुंब पिढ्यान्‌पिढ्या राहतं. मामांची हयात फोटो स्टुडिओत फिनिशर म्हणून गेली. भाची कोल्हापुरात चित्रकला शिकली. मी पाहुणा, त्यामुळे दोघंही मला साक्षीला ओढत होते. मामांच्या बोलण्यातलं कानडी मी इथे गाळलं आहे. त्याने बोलण्याचा ठसका थोडा उणावला, त्याला इलाज नाही.

मामा: पाठवायला तुझं काय जातं? सोनाराने कसोटी पुढे केली म्हणून सोनं रुसतं का?

भाची: सोनं नाही रुसत. पण दुकानात दहाजणी उभ्या असताना एकीचीच बांगडी घासून बघितली, तर ती बाई रुसते. ज्यांनी अमूर्त चित्रं पाठवली त्यांना कुणी विचारलं का, हे डाग तुम्हीच पाडलेत ना म्हणून?

मामा: त्यांचं चित्र बघून कुणाचे डोळे फसत नाहीत. तुझं बघून फसतात. तूच तशी व्यवस्था केलीस, कागदावर पितळ दिसावं अशी. ते दिसलं, तर आता तक्रार कशाची?

भाची: म्हणजे जितकं बरं काढीन, तितकी चोर ठरेन.

मामा: चोर कोण म्हणालं? शंका घेतली. जगन्मोहनमध्ये काय चालतं, आठव. दिव्याच्या बाईपुढे माणसं उभी राहतात आणि आधी मागे वाकून बघतात, कुठे बल्ब लावलाय का.

हे अग्रहारात राहणाऱ्यांना सांगावं लागत नाही, वाचकांना सांगायला हवं. म्हैसूरचा जगन्मोहन राजवाडा १८६१ साली बांधला गेला आणि १९१५ पासून तो चित्रसंग्रहालय आहे. अग्रहारातून तो पायी गाठता येतो. तिथलं सगळ्यात गर्दी खेचणारं चित्र म्हणजे ‘ग्लो ऑफ होप’: हातात दिवा घेतलेली तरुणी, दुसऱ्या हाताचा आडोसा ज्योतीला, आणि बोटांच्या कडांतून झिरपणारा तांबूस उजेड. आजही कितीतरी लोक ते राजा रविवर्म्याचं म्हणून सांगतात. चित्र आहे सावंतवाडीत १८८२ साली जन्मलेल्या सावळाराम लक्ष्मण हळदणकरांचं. जे. जे. मध्ये शिकलेले, १९०८ साली मुंबईत स्वतःची कलासंस्था काढणारे, जलरंगावर हुकमत असलेले हळदणकर. चित्र १९४५-४६ चं. रविवर्मा १९०६ सालीच वारला होता. शिवाय त्याची कीर्ती तैलरंगातली, आणि हे कागदावरचं जलरंग. म्हणजे सन आणि माध्यम, दोन साध्या गोष्टी पाहिल्या असत्या तरी चूक टळली असती. पण त्या संग्रहात रविवर्म्याची चित्रं आहेत, त्याचं नाव लोकांच्या ओठावर आहे, आणि ओठावरचं नाव फार लवकर चिकटतं.

भाची: तेच म्हणते मी. चित्र निघायच्या चाळीस वर्षं आधी मेलेल्या माणसाच्या नावावर ते खपतं, तिथे कुणाला शंका नाही. शंका कशाची, तर बल्बची. जलरंगात उजेड म्हणजे काय? राखलेला कागद. पांढरा रंग वरून थापायचा नाही, जिथे ज्योत तिथे आधीपासून हात आखडता घ्यायचा. एक फटकारा चुकला तर सावरायला जागा नाही. हे ज्याला कळतं तो बल्ब शोधत नाही.

मामा: कळणारे किती? आणि परीक्षकांपुढे तुझा कागद तरी कुठे होता? त्यांनी पाहिला तो मोबाइलवर आलेला फोटो. चित्राचा फोटो बघून ते विचारतायत, हा फोटो आहे का. प्रश्न वेडगळ आहे, मान्य. पण लोक हल्ली प्रिंट काढतात कॅन्व्हासवर, वरून चार ठिकाणी ब्रश मारतात आणि मूळ चित्र म्हणून विकतात. आता तर ब्रशही नको, संगणकाला चार वाक्यं सांगितली की झालं. परीक्षकाने काय देवावर भरवसा ठेवायचा?

भाची: तंजावरकडचे, कुंभकोणमचे इळैयराजा आठवतात? चित्रकार, संगीतकार नव्हे. तेलरंगात घरातल्या बायका, मुली रंगवायचे. त्यांची चित्रं लोक फोटो समजूनच एकमेकांना पाठवायचे. २०२१ मध्ये कोविडने गेले, तेव्हा कित्येकांना कळलं की ही रंगवलेली होती. आयुष्यभर काय व्हिडिओ दाखवत हिंडायचं होतं त्यांनी?

मामा: नाही. पण तू मला एक सांग. घंगाळामागची भिंत धूसर का केलीस?

इथे भाची जराशी थांबली. मामांनी चित्राची प्रत दिव्याखाली धरली होती आणि स्टुडिओतलं जुनं भिंग डोळ्याला लावलं होतं. या वयातही त्यांचा हात जराही हलत नव्हता.

मामा: तुझ्या डोळ्याला ती भिंत धूसर दिसलीच नसणार. डोळा जिथे वळतो तिथे स्पष्टच बघतो. घंगाळ बघशील तेव्हा घंगाळ, भिंत बघशील तेव्हा भिंत. एक गोष्ट लख्ख आणि मागचं सगळं दुधात बुडवल्यासारखं, हे लेन्सचं काम. पाण्यावरचा तो उजेडाचा ठिपका फुटलाय, तोही लेन्सचाच. म्हणजे फोटोवरून काढलंस.

भाची: काढलं. लपवलं कुठे? ऊन घंगाळात घटकाभर टिकतं, चित्राला आठवडे लागतात. फोटो मीच काढला. आणि भिंत धूसर ठेवायची की नाही हे मीच ठरवलं. अमेरिकेत चक क्लोजने १९६७-६८ मध्ये स्वतःचा चेहरा रंगवला, माणसाहून उंच कॅन्व्हासवर, फोटोवर चौकटी आखून. कान आणि केस मुद्दाम धूसर ठेवले, कारण त्याला चेहऱ्याबरोबर फोटोही रंगवायचा होता. त्याला कुणी खोटा म्हटलं नाही.

मामा: कारण त्याने आधीच सांगितलं होतं की फोटोवरून आहे. तुझ्या अर्जात काय लिहिलंस?

भाची: माध्यम, जलरंग. तेवढाच रकाना होता.

मामा: म्हैसूरच्या मोठ्या राजवाड्याच्या कल्याणमंटपात दसऱ्याच्या मिरवणुकीची चित्रं बघ. २६ आहेत. फोटो समोर ठेवून रंगवलेली. हत्ती, घोडे, बँडवाले, आणि माणसं अशी की ज्यांच्या घरातली होती त्यांना ओळखू यावीत. आजवर मी एकालाही ती खोटी म्हणताना ऐकलं नाही. फोटोची मदत घेतली, मदत घेतली म्हणून सांगितलं, संपलं.

भाची: पण मग तुम्ही फोटोलाच खरं धरून चाललाय. मी फोटोची नक्कल केली की काम खोटं, डोळ्याने बघून केलं की खरं. तुम्हीच सांगा, तुमच्या हातून गेलेले फोटो किती खरे होते?

मामा हसले. मला वाटतं, त्यांना हा प्रश्न कुणीतरी विचारायला हवाच होता.

मामा: एकही नाही. नेगेटिव्हवर मिडियम लावायचं, शिसपेन्सिलीला सुईसारखं टोक काढायचं आणि बसायचं. देवीचे वण गेले पाहिजेत, डोळ्याखालची वर्तुळं गेली पाहिजेत. मुलीचा फोटो स्थळाला जायचा असेल तर रंग उजळ. एखाद्या घरात म्हातारे वारायचे आणि त्यांचा एकटा फोटोच नसायचा. मग लग्नातला ग्रुप फोटो घेऊन यायचे, त्यात मागच्या रांगेत वाटाण्याएवढं डोकं. ते मोठं करायचं, नाकडोळा ब्रशने भरायचा, खांद्यावर दुसऱ्याचा कोट, डोक्यावर तिसऱ्याची पगडी. अशी कितीतरी घरं आहेत या म्हैसुरात, जिथे माझ्या ब्रशाला हार घातलेला आहे. नातवंडं पाया पडतात.

भाची: आणि तुमचं नाव?

मामा: फिनिशरचं नाव कधी असतं? मागे स्टुडिओचा शिक्का.

भाची: मग बघा. फोटोत एवढं हस्तकौशल्य, आणि त्याला सगळे पुरावा मानणार. माझ्या चित्रात सगळंच हस्तकौशल्य, आणि मी पुरावा द्यायचा.

या टप्प्यावर मी भाचीच्या बाजूला झुकलो होतो. अजूनही त्या एका मुद्द्यावर तिचंच बरोबर वाटतं. फोटो म्हणजे सत्याचं माप, ही समजूत फोटो धुणाऱ्यांनी कधीच मानली नव्हती. ती फोटो बघणाऱ्यांची. पण मामा हटणारे नव्हते.

मामा: तरी व्हिडिओ दे म्हणतो मी. नाव नसणं म्हणजे काय ते मला माहीत आहे. हळदणकरांचं एवढं मोठं काम, आणि लोक नाव दुसऱ्याचं घेतात. पुरावा ज्याच्याकडे असतो त्याचं नाव टिकतं.

भाची: हळदणकरांकडे पुरावा कमी होता का? त्यांची मुलगी गीता, तिलाच दिवा हातात देऊन उभं केलं होतं. लग्नानंतर त्या कोल्हापूरच्या उपळेकर झाल्या. २०१८ साली वारल्या, वयाची शंभरी ओलांडून. चित्रातली बाई जिवंत, हिंडती-फिरती, सांगत होती की बाबांनी काढलं, मी उभी होते. तरी रविवर्माच. मग व्हिडिओ कुणाचं तोंड बंद करणार?

मामा: ती साक्ष झाली. मी काढतानाचा पुरावा म्हणतोय.

भाची: तोही झालाय एकदा, आणि नेमका १९४५ सालीच. हॉलंडमधला हान व्हान मेगेरन. त्याच्यावर आरोप काय, तर जुन्या डच चित्रकार व्हर्मीरचं चित्र, राष्ट्राचा ठेवा, नाझी गोरिंगला विकला. म्हणजे शत्रूशी संगनमत. तो म्हणाला, व्हर्मीर कसला, मीच रंगवलंय. कुणी मानेना. मग कैदेत, पहारेकऱ्यांसमोर, त्याने व्हर्मीरच्या ढंगाचं नवं चित्र काढून दाखवलं. तुम्ही म्हणता तसा हाताचा पुरावा. हात त्याचाच होता, शंभर टक्के. आणि चित्रं खोटीच होती! १९४७ मध्ये बनावटगिरीसाठी एक वर्षाची शिक्षा झाली, ती भोगायच्या आत गेला.

मामा: म्हणजे हात खरा ठरला आणि चित्र खोटं.

भाची: आणि जगन्मोहनमध्ये चित्र खरं, लोकांच्या तोंडी हात खोटा. व्हिडिओने यातलं काय सुटतं? व्हिडिओ एवढंच सांगेल की हा ब्रश या मनगटाने हलवला. समोर फोटो होता की घंगाळ, हे कॅमेऱ्याच्या चौकटीबाहेर ठेवलं की झालं. शिवाय व्हिडिओ बनवता येत नाही का हल्ली?

मामांनी यावर बराच वेळ काही म्हटलं नाही. काफी आली, ती निवायच्या आत त्यांनी घेतली. मग त्यांनी एक वेगळीच गोष्ट विचारली, आणि माझ्या मते सगळ्या वादाची किल्ली तिथे होती.

मामा: त्यांनी हात विचारलाय. तू मला सांग, तुझ्या चित्राचा दावा काय आहे?

भाची: दावा?

मामा: मेगेरनचा दावा होता, हा व्हर्मीर आहे. तो खोटा होता, म्हणून चित्र खोटं. रंगवलं कुणी आणि कसं, हा नंतरचा मुद्दा. मी फोटोत पगडी घातली तेव्हा घरच्यांना माहीत होतं की पगडी घातलीय, पैसे त्याचेच दिले होते. माझा दावा तेवढाच होता. चौथ्या पिढीला माहीत नाही, तो त्यांचा आणि घरच्यांचा प्रश्न. तुझं चित्र बघणाऱ्याला काय सांगतं? मी घंगाळ बघून हे काढलं, असं सांगतं का? मग ते तितकंसं खरं नाही. मी घंगाळाचा फोटो इतका वेळ बघितला की पितळ कसं चमकतं ते मला कळलं, असं सांगतं का? मग ते खरं आहे, आणि तसं लिहायला तुला लाज वाटायचं कारण नाही.

भाची: लाज नाही वाटत. पण लिहिलं की लोक म्हणतात, हॅं, फोटोवरून काय कुणीही काढेल.

मामा: म्हणू देत. काढून बघू देत.

भाचीने शेवटी काय केलं ते सांगतो. अर्जाच्या माध्यमाच्या रकान्यात तिने जोडलं: ‘जलरंग, कागदावर, स्वतः काढलेल्या छायाचित्रावरून.’ सोबत तो फोटो आणि पेन्सिलीचं पहिलं रेखाटन पाठवलं. व्हिडिओ पाठवला नाही. त्याऐवजी लिहिलं, की मूळ कागद कधीही समोर ठेवते, भिंग घेऊन या. प्रिंट असेल तर शाईचे ठिपके दिसतील. जलरंग असेल तर कागदाच्या खळग्यांत साचलेले रंगकण दिसतील, पाणी वाळताना कडेला राहिलेली गडद रेघ दिसेल, रंगाखालून पेन्सिल डोकावेल. मामांना हे अर्धंच पटलं. व्हिडिओ द्यायला हवा होता, असं ते आजही म्हणतात. आयोजकांचं उत्तर मी लिहीपर्यंत आलेलं नाही.

माझा कौल भाचीकडे आहे, पण मामांच्या प्रश्नासकट. हुबेहूब चित्रावर शंका घेण्यात गैर काही नाही, फक्त ती घेणाऱ्याने मूळ कागदापर्यंत जायची तसदी घ्यावी. आणि काढणाऱ्याने कशावरून काढलं ते न विचारता लिहावं. एकाकडूनच पुरावा मागणं मात्र अन्यायच. व्हिडिओ हवा असेल तर नियम म्हणून सगळ्यांकडून मागा, नाहीतर कुणाकडूनच नको.

म्हैसूरला गेलात, आणि जगन्मोहनमध्ये शेजारचा कुणी त्या दिव्याच्या चित्राला रविवर्म्याचं म्हणाला, तर गप्प बसू नका. नाव सांगा: सावळाराम लक्ष्मण हळदणकर, सावंतवाडी. माध्यम जलरंग. समोर उभी होती त्यांची मुलगी गीता.