‘स्कँडल’ : बोभाटा की अडखळण?

वर्तमानपत्र उघडले की ‘स्कँडल’ हा शब्द हमखास भेटतो. पुढाऱ्याचा घोटाळा, नटाचे लफडे, बँकेतील अफरातफर, सगळ्यांना हाच शब्द. चारचौघांत बोभाटा झाला म्हणजे ‘स्कँडल’ झाले, असे आपण धरून चालतो. बोभाटा झालाच नाही, तर झाकली मूठ सव्वा लाखाची! परंतु या इंग्रजी शब्दाच्या मुळाशी गेलो की वेगळाच अर्थ हाती लागतो.

हा शब्द ‘स्कांदालोन’ या ग्रीक शब्दापासून लॅटिनमार्गे इंग्रजीत आला. सापळ्यात आमिष लावायची एक काडी असते. तिला धक्का लागताच सापळा मिटतो. त्या काडीशी या शब्दाचे नाते आहे. पुढे जुन्या कराराचे ग्रीक भाषांतर झाले, तेव्हा आंधळ्याच्या वाटेत अडखळण ठेवू नये, या लेवीय ग्रंथातील आज्ञेतही हाच शब्द योजला गेला. म्हणजे मूळ अर्थात बातमी नाही, बदनामी नाही. आहे तो दुसऱ्याला पाडणारा सापळा.

प्रभू येशूने हा शब्द याच अर्थाने घेतला. लहानांपैकी एकालाही जो अडखळवतो, त्याच्या गळ्यात जात्याची तळी बांधून त्याला समुद्रात बुडवणे बरे, इतके कठोर शब्द मत्तयच्या अठराव्या अध्यायात आहेत. करिंथ येथील ख्रिस्ती लोकांना संत पौलाने हेच समजावले. मूर्तीला वाहिलेले मांस खाण्यात त्याला स्वतःला दोष दिसत नव्हता. तरी दुर्बळ बंधू त्यामुळे अडखळणार असेल, तर मांस कधीच न खाण्याची त्याची तयारी होती. तेराव्या शतकात संत थॉमस अक्विनास यांनीही दुसऱ्याच्या आध्यात्मिक पतनाला निमित्त होणारे अयोग्य बोलणे किंवा वागणे, अशीच याची व्याख्या केली.

हा अर्थ विसरला की काय होते, हे अमेरिकेतील बॉस्टन शहरात दिसले. मुलांवर लैंगिक अत्याचार केलेल्या धर्मगुरूंना एका धर्मग्रामातून दुसऱ्या धर्मग्रामात हलवले जात होते, हे जानेवारी 2002 मध्ये ‘बॉस्टन ग्लोब’ या वृत्तपत्राने उघडकीस आणले. त्याच वर्षी डिसेंबरमध्ये तेथील कार्डिनल बर्नार्ड लॉ यांना पद सोडावे लागले. ‘स्कँडल’ नको म्हणून प्रकरणे झाकली गेली, आणि खरी अडखळण मात्र मुलांच्या वाटेत तशीच राहिली. बातमी छापली गेली त्या दिवशी ‘स्कँडल’ सुरू झाले नव्हते. ते पहिल्या मुलाला इजा झाली त्याच दिवशी सुरू झाले होते. पुढे मे 2019 मध्ये पोप फ्रान्सिस यांनी अशी माहिती वरिष्ठांना कळवणे धर्मगुरू व व्रतस्थांवर बंधनकारक केले.

सहाव्या शतकाच्या अखेरीस पोप झालेले संत ग्रेगरी यांनी तर स्पष्टच सांगून ठेवले आहे की, सत्यामुळे कोणी अडखळत असेल, तर अडखळू द्यावे. परंतु सत्य सोडू नये.

मग ऐकले ते सगळीकडे सांगत सुटायचे का? नाही. खोट्या बदनामीसाठी इंग्रजीत ‘स्लँडर’ शब्द आहे, आणि गंमत अशी की तोही याच मुळापासून आला आहे. अफवा पसरवणारासुद्धा सापळाच लावत असतो. खरे ते योग्य ठिकाणी सांगणे वेगळे, आणि नाक्यावर चघळणे वेगळे.

आपल्या घरात तरी पाहू या. ‘पप्पा घरी नाहीत म्हणून सांग,’ असे आपण मुलाला शिकवतो. लग्नघरात कोवळ्या पोराच्या हाती हसत हसत ग्लास देतो. याचा कुठे बोभाटा होत नाही. तरीही सापळ्याची काडी आपणच लावलेली असते. आणि एखादी मुलगी धीर करून घडलेला अन्याय सांगू लागली, की ‘गप्प बस, लोक काय म्हणतील?’ म्हणून तिलाच दटावतो.

लोक काय म्हणतील, हा प्रश्न आपल्या अब्रूचा आहे. माझ्यामुळे कोण पडेल, हा प्रश्न शुभवर्तमानाचा आहे. या आठवड्यात आपण दुसरा प्रश्न आधी विचारू या.