देणे आणि जाणे

दान करताना उजव्या हाताचे डाव्या हाताला कळू नये, ही प्रभू येशूची शिकवण आपण लहानपणापासून ऐकत आलो आहोत. ज्या यहुदी परंपरेत प्रभू वाढला, तिनेही गुप्तदानाला फार वरचे स्थान दिले. बाराव्या शतकातील थोर यहुदी धर्मपंडित व वैद्य मायमोनिदीस याने दानाच्या आठ पायऱ्या सांगितल्या. गरजवंतावर पुन्हा हात पसरण्याची वेळ येऊ नये म्हणून त्याला कर्ज, भागीदारी किंवा काम देणे ही सर्वांत वरची पायरी. तिच्या लगेच खालची पायरी म्हणजे घेणारा कोण हे देणाऱ्याला ठाऊक नाही आणि देणारा कोण हे घेणाऱ्याला ठाऊक नाही. पूर्वीचे काही धर्मज्ञ वस्त्राच्या टोकाला नाणी बांधून ते टोक पाठीवर टाकीत आणि चालू लागत. मागून येणाऱ्या गरिबाने ती सोडून घ्यावीत, त्याचे तोंड दात्याला दिसू नये, एवढी ही काळजी!

असे असेल तर ज्याला द्यायचे त्याच्या दाराशी जाणे, त्याचे दुःख स्वतःच्या डोळ्यांनी पाहणे, यामुळे दानाला उणेपणा येतो काय? या प्रश्नाचा विचार करताना मला हेन्रिएटा झोल्ड या यहुदी स्त्रीचे स्मरण होते.

१८६० साली अमेरिकेतील बाल्टिमोर येथे एका रब्बीच्या घरी तिचा जन्म झाला. ती विदुषी होती. यहुदी ग्रंथांच्या प्रकाशनसंस्थेत तिने अनेक वर्षे संपादनाचे काम केले. १९०९ साली, पन्नाशीकडे झुकलेली असताना, आईला सोबत घेऊन ती पवित्र भूमीच्या प्रवासाला निघाली. तेव्हा तेथे तुर्कांचा अंमल होता. याफा शहरात (संत पेत्र चांभार शिमोनाकडे राहिला ते हेच यापो) तिने रस्त्यावरची मुले पाहिली. त्यांचे डोळे खुपऱ्यांनी सुजलेले होते आणि त्यांवर माश्या बसल्या होत्या. तेथल्याच एका मुलींच्या शाळेत मात्र डोळे निरोगी होते, कारण त्या शाळेत डॉक्टर व परिचारिका नियमाने येत असत. हे पाहून म्हातारी आई लेकीला म्हणाली की न्यूयॉर्कमधल्या तुमच्या वाचनमंडळाने खरे तर हे काम हाती घ्यावे.

मला या प्रसंगातला क्रम महत्त्वाचा वाटतो. झोल्डबाई काही वाटायला गेल्या नव्हत्या. त्या आधी गेल्या, त्यांनी पाहिले, आणि देणे त्यानंतर आले. २४ फेब्रुवारी १९१२ रोजी न्यूयॉर्कमध्ये मूठभर स्त्रियांनी संस्था स्थापन केली. पुढे तिने ‘हदास्सा’ हे नाव घेतले. एस्तेर राणीचे हे इब्री नाव. १९१३ साली या स्त्रियांनी रोझ कॅप्लन व रेचल लँडी या दोन परिचारिकांना यरुशलेमला पाठविले. त्या पाहून परतल्या नाहीत. वस्तीतच घर घेऊन त्यांनी बाळंतिणींची आणि मुलांच्या डोळ्यांची सेवा आरंभली. १९१८ साली चाळीसहून अधिक डॉक्टर व परिचारिकांचे पथक गेले, आणि १९२० साली झोल्डबाई स्वतः तिकडे राहावयास गेल्या. नाझी राजवटीतून सुटून आलेल्या मुलांना उतरवून घेण्यासाठी सत्तरी ओलांडलेली ही बाई हैफा बंदरावर जात असे. त्या भूमीचे राजकारण येथे मांडण्याचे कारण नाही. मात्र यहुदी व अरब यांनी एकाच राज्यात समानतेने नांदावे असे मानणाऱ्या थोड्यांपैकी त्या एक होत्या, एवढे नोंदवतो.

तिची आई १९१६ साली वारली. मृतांसाठी म्हणावयाची ‘कद्दिश’ ही प्रार्थना रूढीप्रमाणे मुलगे म्हणतात, आणि या घरात तर मुलीच होत्या. एका स्नेह्याने आपण होऊन ती म्हणण्याची तयारी दर्शविली. तिने मनापासून आभार मानून त्याला नकार दिला. हे कर्तव्य आपल्या वतीने दुसऱ्याने करावे हे तिला पटेना. माझ्या मते तिच्या दानाचेही मर्म येथेच आहे. पैसा दुसऱ्याच्या हाती पाठविता येतो. पण काही देणी माणसाने स्वतःच फेडायची असतात.

हदास्साचे मोठे रुग्णालय १९६१ साली यरुशलेमजवळ एन केरेम येथे सुरू झाले. आपले यात्रेकरू पवित्र मरिया व एलिझाबेथ यांच्या भेटीचे मंदिर पाहण्यास जातात ते हेच गाव. मरिया डोंगराळ प्रदेशात त्वरेने गेली, हे आपण दरवर्षी ऐकतो. ती तेथे सुमारे तीन महिने राहिली, हे संत लूकने पुढेच सांगितले आहे. आपले तिकडे सहसा लक्ष जात नाही.

माझे तरी गेले नव्हते. गतवर्षी नाताळापूर्वी मी धर्मग्रामातील भगिनींना बसने एका वृद्धाश्रमात घेऊन गेलो. फराळ वाटला, गीते गायली. छायाचित्र काढताना एका आजींनी पदर तोंडावर ओढला. “आजी, लाजताय काय?” असे म्हणून सगळ्या हसल्या, मीही हसलो. निघताना आजी म्हणाल्या, “फादर, चाललात? बसलातसुद्धा नाही.”

आम्ही तेथे पाऊण तास होतो. यंदाच्या भेटीची वर्गणी जमू लागली आहे, आणि बसचे काय करायचे असे भगिनी मला विचारीत आहेत. मी अजून बस ठरवलेली नाही.